आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षण : सेवकवर्गाचा व्यावसायिक विकास

विद्यापीठे व महाविद्यालये यांतील परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश, त्यांच्या पदव्यांची समकक्षता, व्हिसा व निवास यांसंबंधीचा सल्ला, स्वतःच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याची व्यवस्था आणि अन्य देशांतील शिक्षणसंस्थांशी होणारे करार ही कामे पाहणाऱ्या सेवकवर्गास त्यांसाठी लागणारे ज्ञान, कौशल्य व वृत्ती प्राप्त व्हावी, या हेतूने योजिलेल्या शिक्षण-प्रशिक्षणाच्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. तीत सेवारंभीचे उद्‌बोधन, सेवांतर्गत प्रशिक्षण, परिषदा, परदेशी संस्थांना द्यावयाच्या अभ्यासभेटी, व्यावसायिक संघटनांचे मार्गदर्शन आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम यांचा अंतर्भाव होतो. अध्यापकांचे प्रशिक्षण हा स्वतंत्र विषय असून येथे मुख्यतः प्रशासकीय व सल्लागार सेवकांचाच विचार केला आहे.

स्वरूप व महत्त्व : स्वदेशाबाहेर जाऊन उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची जगातील संख्या २०२० च्या सुमारास साठ लाखांच्या पुढे गेली. एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२३–२४ या शैक्षणिक वर्षी ११,२६,६९० परदेशी विद्यार्थी होते. त्यांपैकी ३,३१,६०२ भारतीय होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून प्रथम स्थान मिळविले. यांतील प्रत्येक विद्यार्थ्याचा संस्थेशी पहिला संबंध येतो तो प्राध्यापकाशी नव्हे, तर कार्यालयातील सेवकाशी. गुणपत्रिका वाचणारा, प्रवेशाचे पत्र काढणारा, व्हिसाच्या मुदतीबद्दल उत्तर देणारा आणि अडचणीच्या वेळी दूरध्वनी उचलणारा हाच सेवक असतो. अन्य कार्यालयांत झालेली चूक बहुधा दुरुस्त करता येते. परंतु येथे एका चुकीच्या सल्ल्याने विद्यार्थ्याचे त्या देशात राहणेच बेकायदेशीर ठरू शकते व कर्ज काढून आलेल्या कुटुंबाची अनेक वर्षांची जुळवाजुळव वाया जाते.

या कामात मुळापासून एक द्वैत आहे. सेवक हा विद्यार्थ्याचा सल्लागार असतो आणि त्याच वेळी विद्यार्थ्याच्या हालचालींची माहिती शासनास कळविण्याचे बंधनही पुष्कळ देशांत त्याच्यावर असते. मित्र आणि पहारेकरी या दोन भूमिकांच्या मर्यादा ओळखून वागणे केवळ सदिच्छेने साधत नाही. त्यासाठी कायद्याचे ज्ञान व व्यावसायिक नीतीचे भान लागते. या व्यवसायाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हे द्वैत हाताळण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

इतिहास : परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारी सल्लागार नेमण्याच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक हिंदी विद्यार्थ्यांसंबंधीच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याच्या व सनदी सेवेच्या परीक्षांसाठी ब्रिटनला जाणाऱ्या हिंदी तरुणांची संख्या वाढू लागली. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी लंडनमध्ये ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह काढले. १९०६ मध्ये वि. दा. सावरकर तेथे राहावयास गेले. या विद्यार्थ्यांच्या राजकीय विचारांनी अस्वस्थ झालेल्या शासनाने १९०७ मध्ये मुंबई इलाख्यात सेवा केलेले सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्या चौकशीनंतर १९०९ मध्ये लंडनला हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती केंद्र स्थापन झाले आणि अलीगढ व लाहोर येथे अध्यापन केलेले प्राच्यविद्यापंडित टॉमस वॉकर अर्नल्ड यांना शैक्षणिक सल्लागार नेमण्यात आले. प्रवेश, निवास व अभ्यासक्रम यांविषयी हे केंद्र उपयुक्त माहिती देई. तथापि आपल्यावर नजर ठेवण्यासाठीच ते काढले आहे, असा संशय विद्यार्थ्यांच्या मनात प्रथमपासून होता. समितीचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला, त्यामुळे तो संशय बळावला. लिटन समितीच्या अहवालाची पुरवणी म्हणून १९२२ मध्ये तो अखेर प्रसिद्ध झाला. सल्लागाराची विद्वत्ता कितीही मोठी असली, तरी तो कोणाच्या वतीने बोलतो हे स्पष्ट नसेल, तर त्याच्या सल्ल्यावर विश्वास बसत नाही, हा या प्रयोगाचा धडा होय.

अमेरिकेत आरंभीचे काम धार्मिक व सेवाभावी संघटनांनी केले. १९११ मध्ये वाय.एम.सी.ए. च्या प्रेरणेने परदेशी विद्यार्थ्यांशी स्नेहसंबंध जोडणारी एक समिती स्थापन झाली. बंदरावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना भेटणे, त्यांची राहण्याची सोय लावून देणे व कुटुंबांशी त्यांची ओळख करून देणे ही तिची कामे होती. १९१९ मध्ये इलिह्यू रूट, निकोलस मरी बटलर व स्टीव्हन डगन यांनी न्यूयॉर्क येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन’ ही संस्था स्थापन केली. देशांतराची संख्या मर्यादित करणारे कायदे झाले तेव्हा विद्यार्थ्यांना कायम स्थलांतरितांपासून वेगळे मानून तात्पुरता व्हिसा द्यावा, यासाठी या संस्थेने प्रयत्न केले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘इंटरनॅशनल हाउस’ उघडले. जर्मनीत १९२५ मध्ये हायडल्‌बर्ग येथे विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या प्रयत्नातून जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा उदयास आली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० मध्ये बॉन येथे तिची पुनर्स्थापना झाली. ब्रिटिश कौन्सिल १९३४ मध्ये स्थापन झाली.

युद्धोत्तर काळात या कामाला व्यवसायाचे रूप आले. १९४६ च्या फुलब्राइट कायद्याने विद्यार्थी व विद्वान यांच्या विनिमयास मोठी चालना मिळाली. युद्धानंतर अमेरिकेत आलेल्या सुमारे २५,००० परदेशी विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या विद्यापीठीय अधिकाऱ्यांचा व्यावसायिक विकास व्हावा, हाच उद्देश समोर ठेवून १९४८ मध्ये ‘नॅफ्सा’ ही संघटना निघाली. तिच्या नावातील बदल व्यवसायाची वाढ दाखवितात : आरंभी ती ‘परदेशी विद्यार्थी सल्लागारांची’ संघटना होती, १९६४ मध्ये ती ‘परदेशी विद्यार्थीविषयक कार्याची’ झाली आणि १९९० मध्ये तिने ‘आंतरराष्ट्रीय शिक्षणकर्त्यांची संघटना’ हे रूप घेतले, जुने आद्याक्षरी नाव मात्र कायम ठेवले. ब्रिटनमध्ये १९६८ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. २००७ पासून ती ‘युकिसा’ या नावाने ओळखली जाते. यूरोपीय आर्थिक समुदायाने १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. एवढ्या विद्यार्थ्यांची देवघेव करण्यासाठी प्रत्येक विद्यापीठास स्वतंत्र कार्यालय उघडावे लागले आणि त्या कार्यालयांतील सेवकांची ‘यूरोपियन असोसिएशन फॉर इंटरनॅशनल एज्युकेशन’ ही संघटना १९८९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे स्थापन झाली. दक्षिण आफ्रिकेत १९९७ मध्ये व ऑस्ट्रेलियात २००४ मध्ये अशाच राष्ट्रीय संघटना निघाल्या.

आवश्यक ज्ञान व कौशल्ये : (१) कायदा व नियम. या व्यवसायातील सर्वांत जोखमीचे क्षेत्र हेच होय. अमेरिकेत २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर परदेशी विद्यार्थ्यांची माहिती संगणकाद्वारे शासनास कळविण्याची ‘सेव्हिस’ ही पद्धती २००३ मध्ये अंमलात आली. प्रत्येक संस्थेतील नियुक्त अधिकाऱ्याने विद्यार्थ्याची नोंदणी, पत्ता व अभ्यासक्रम यांतील बदल तीत नोंदवावयाचे असतात. एखाद्या विद्यार्थ्याने या अधिकाऱ्याची पूर्वसंमती न घेता एखादा विषय सोडला आणि त्यामुळे त्याचे श्रेयांक पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी ठरविलेल्या किमान मर्यादेखाली गेले, तर त्याचा विद्यार्थी म्हणून कायदेशीर दर्जा संपुष्टात येतो. तोच विषय आजारपणासारख्या मान्य कारणासाठी आधी परवानगी घेऊन सोडला असता, तर बाध आला नसता. दर्जा पुन्हा मिळविण्यासाठी सामान्यतः पाच महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. अशा अर्जात विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची म्हणून जी कारणे नियमात उदाहरणादाखल दिली आहेत, त्यांत गंभीर आजार व नैसर्गिक आपत्ती यांच्याबरोबरच नियुक्त अधिकाऱ्याचा अनवधानाने झालेला प्रमाद वा दुर्लक्ष यांचाही उल्लेख आहे. सल्लागाराची चूक किती अनर्थ करू शकते, हे कायद्यानेच येथे गृहीत धरले आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये शासनाने हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी अचानक बंद केल्या, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती संगणकावरील नोंदी नियमितपणे तपासणाऱ्या विद्यापीठीय सेवकांच्या. न्यायालयीन दाव्यांनंतर त्या महिन्याच्या अखेरीस नोंदी पूर्ववत करण्यास आरंभ झाला.

ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार देशांतरविषयक सल्ला देणे हे नियंत्रित काम ठरले आहे. शिक्षणसंस्थांना आपल्या विद्यार्थ्यांपुरती नोंदणीतून सूट आहे. तथापि ठराविक मानदंड त्यांना पाळावे लागतात. २००९ पासून तेथे परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थेस शासनाचा परवाना लागतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ‘लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी’चा परवाना विद्यार्थ्यांच्या उपस्थितीची व पात्रतेची नोंद नीट ठेवली नाही, या कारणास्तव रद्द झाला; तेव्हा २,००० हून अधिक विद्यार्थ्यांना काहीही अपराध नसताना दुसरी संस्था शोधण्याची पाळी आली. ऑस्ट्रेलियाने परदेशी विद्यार्थ्यांच्या सेवांविषयी २००० मध्ये कायदा केला. त्याखालील राष्ट्रीय संहितेनुसार प्रत्येक संस्थेने परदेशी विद्यार्थ्यांसाठी अधिकृत संपर्क-सेवक नेमावा आणि विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या सेवकांना संस्थेच्या कायदेशीर जबाबदाऱ्यांची व त्यांच्या विद्यार्थ्यांवरील परिणामांची माहिती असावी, असे बंधन आहे. म्हणजे तेथे सेवकाचे जाणतेपण हे संस्थेच्या इच्छेवर न सोडता कायद्याचे कलम बनविले आहे.

(२) पदव्यांचे मूल्यमापन. एका देशाची गुणपत्रिका दुसऱ्या देशात जशीच्या तशी वाचता येत नाही. मुंबई वा पुणे विद्यापीठाच्या पारंपरिक परीक्षेत ६० टक्के गुण म्हणजे प्रथम वर्ग. अमेरिकन महाविद्यालयात ६० टक्के म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. हा फरक ठाऊक नसलेल्या लिपिकाच्या हातून चांगल्या विद्यार्थ्याचा अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडतो. तीन वर्षांची भारतीय पदवी चार वर्षांच्या अमेरिकन पदवीच्या बरोबरीची मानावी काय, हा असाच दीर्घकाळ वादाचा प्रश्न आहे. यूरोपात वर्षाच्या अभ्यासास ६० श्रेयांक मोजण्याची पद्धती १९८९ पासून प्रायोगिक रीत्या सुरू झाली व १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर ती रूढ झाली. १९९७ च्या लिस्बन संकेताने एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले : पदव्यांमध्ये मोठी तफावत आहे असे मूल्यमापन करणाऱ्याने दाखविले नाही, तर परदेशी पदवीस मान्यता द्यावयास हवी. सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावरून कार्यालयावर आला. साहजिकच कार्यालयातील सेवकाचे ज्ञान वाढविणे अनिवार्य झाले.

कागदपत्रांतील नावांचे वाचन हाही या प्रशिक्षणाचाच भाग होय. महाराष्ट्रात विवाहानंतर आडनावाबरोबर कित्येकदा स्त्रीचे पहिले नाव व मधले नावही बदलते. पदवीपत्र एका नावाचे, पारपत्र दुसऱ्या नावाचे आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, अशी कागदपत्रे पाहून अनभिज्ञ सेवकास बनावटीचा संशय येतो. जाणता सेवक नावातील बदलाचे राजपत्र वा प्रतिज्ञापत्र मागवून प्रश्न सोडवितो. याउलट खरोखरच बनावट असलेली कागदपत्रे ओळखणे हेही त्याचेच काम असते.

(३) आंतरसांस्कृतिक समज. नव्या समाजात आल्यावर परिचयाच्या खुणा नाहीशा होऊन येणाऱ्या अस्वस्थतेस कालेर्व्हो ओबेर्ग या मानवशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात ‘सांस्कृतिक धक्का’ हे नाव रूढ केले. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिस्गोर यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट अधिछात्रांच्या मुलाखतींवरून १९५५ मध्ये असे दाखविले, की सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचे समायोजन त्याहून कमी वा अधिक काळ राहिलेल्यांपेक्षा कमी समाधानकारक होते. आरंभीचा उत्साह, मधली घसरण व पुन्हा चढण असा हा वक्र प्रशिक्षणवर्गांत पुढे फार लोकप्रिय झाला. तथापि कॉलीन वॉर्ड व त्यांचे सहकारी यांनी न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार सर्वांत कठीण काळ आगमनानंतरचाच असतो. यावरून कोणताही एक वक्र सर्वांना लावू नये आणि एका दिवसाचे स्वागत करून कार्यालयाचे काम संपले असे समजू नये, हा व्यावहारिक बोध घेता येतो. प्राध्यापकास एकेरी नावाने हाक मारण्याचा संकोच, शंका विचारणे म्हणजे गुरूचा अवमान अशी समजूत, अडचण सांगितल्यास घरी कळेल ही भीती, यांमुळे पुष्कळ आशियाई विद्यार्थी गप्प राहतात. हे मौन म्हणजे समाधान नव्हे, हे ओळखण्याची दृष्टी सरावाने येते. त्याचबरोबर एखाद्या देशाच्या विद्यार्थ्यांविषयी ठोकळेबाज कल्पना करून घेणे हा अर्धवट प्रशिक्षणाचा दोष असून तो अज्ञानाइतकाच घातक ठरतो.

(४) आपत्प्रसंग. आजार, अपघात, मृत्यू, आर्थिक फसवणूक, वांशिक हल्ले व युद्ध यांच्या वेळी सेवकावर विलक्षण ताण येतो. २००९ मध्ये मेलबर्न व अन्य शहरांत भारतीय विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्यांनंतर ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांच्या सुरक्षेचा व सेवांचा नव्याने विचार झाला. २०२० मधील कोव्हिड साथीत वसतिगृहे बंद झाली आणि विमानेही थांबली, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांचा एकमेव आधार बहुतेक ठिकाणी हे कार्यालयच होते. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धामुळे वीस हजारांहून अधिक भारतीयांना, त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थ्यांना, मायदेशी आणावे लागले. अशा वेळी कोणास काय कळवावे, पालकांशी कसे बोलावे आणि कोणती माहिती गोपनीय ठेवावी यांची कार्यपद्धती आधीच ठरलेली व गिरवलेली असावी लागते.

प्रशिक्षणाच्या पद्धती : सर्वांत जुनी व आजही सर्वाधिक प्रचलित पद्धती म्हणजे अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली काम शिकणे. तिला पूरक म्हणून व्यावसायिक संघटना वार्षिक परिषदा, अल्पमुदतीचे वर्ग, नियमपुस्तिका व अनुभवी मार्गदर्शकाशी नवख्या सेवकाची जोडी लावून देण्याच्या योजना चालवितात. ‘नॅफ्सा’ने २०१५ मध्ये या व्यवसायास आवश्यक क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला; संस्थेचे समग्र आंतरराष्ट्रीयीकरण, परदेशी शिक्षण, विद्यार्थिभरती आणि परदेशी विद्यार्थी व विद्वान यांच्यासाठी सेवा असे त्याचे चार मुख्य विभाग असून सर्वांना समान अशा क्षमता वेगळ्या दिल्या आहेत.

परदेशी संस्थेत काही दिवस राहून तेथील काम पाहणे ही यूरोपातील विशेष रूढ पद्धती होय. २००७ पासून इरॅस्मस योजनेत प्रशासकीय सेवकांच्या प्रशिक्षणासाठी अनुदान मिळू लागले. २०१४ पासूनच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेत ही भेट दोन दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत असू शकते. विद्यापीठे बहुधा आठवड्याचा कार्यक्रम आखून अनेक देशांतील सेवकांना एकत्र बोलावितात : सकाळी चर्चा, दुपारी एखाद्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण, असे त्याचे स्वरूप असते. फुलब्राइट योजनेतही आंतरराष्ट्रीय शिक्षण-प्रशासकांसाठी अल्पकालीन परिसंवाद भरविले जातात. या भेटींचा एक फायदा वर्गात मिळत नाही : परक्या देशात अर्ज भरताना, बसचे तिकीट काढताना व न समजणाऱ्या भाषेत उत्तर ऐकताना सेवक स्वतःच काही दिवस परदेशी होतो.

विद्यापीठीय पातळीवरील शिक्षणाची वाढ तुलनेने अलीकडची आहे. अमेरिकेत व्हर्मॉंट राज्यातील ‘स्कूल फॉर इंटरनॅशनल ट्रेनिंग’ १९६४ मध्ये निघाले. बॉस्टन कॉलेजमध्ये १९९५ मध्ये फिलिप ऑल्टबाख यांनी आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाचे संशोधनकेंद्र स्थापन केले. पुढे तेथे या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला. ऑल्टबाख यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय मुंबईतील विद्यार्थ्यांचे राजकारण हा होता. जेन नाइट यांनी १९९० नंतरच्या काळात केलेली आंतरराष्ट्रीयीकरणाची व्याख्या आणि स्वीडनमधील मालम येथील बेंग्ट निल्सन यांनी १९९९ च्या सुमारास मांडलेली ‘स्वगृही आंतरराष्ट्रीयीकरणा’ची कल्पना यांनी या शिक्षणास सैद्धांतिक बैठक दिली. निल्सन यांच्या मते बहुसंख्य विद्यार्थी कधीच परदेशी जात नाहीत. म्हणून त्यांना स्वतःच्या संस्थेतच जगाचा परिचय घडविला पाहिजे. या दृष्टीने ग्रंथालय, वसतिगृह व लेखाविभाग यांतील सेवकही प्रशिक्षणाच्या कक्षेत येतात.

भारत : भारतात परदेशी विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीद्वारे शिक्षण १९५० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेकडे आले. पदव्यांच्या समकक्षतेचे काम १९२५ मध्ये स्थापन झालेल्या व १९७३ पासून ‘भारतीय विद्यापीठ संघ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने दीर्घकाळ केले; २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान मंडळाने परदेशी पदव्यांच्या मान्यतेसाठी स्वतंत्र विनियम प्रसिद्ध केले. संस्थांच्या पातळीवर मात्र हे काम बहुतेक ठिकाणी एखाद्या आस्थेवाईक प्राध्यापकाच्या पदरचे राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व वसतिगृहप्रमुख शां. ब. मुजुमदार यांनी मॉरिशसहून आलेल्या एका आजारी विद्यार्थ्याचे एकाकीपण पाहिले आणि परदेशी व भारतीय विद्यार्थ्यांना जोडणारे केंद्र म्हणून १९७१ मध्ये पुण्यात ‘सिंबायोसिस’ ही संस्था स्थापन केली. पुणे विद्यापीठानेही पुढे परदेशी विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले. आफ्रिका, पश्चिम आशिया व भारताचे शेजारी देश यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांमुळे पुण्यास या क्षेत्रात विशेष स्थान लाभले.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१–२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. त्यांत नेपाळी विद्यार्थ्यांची संख्या सर्वाधिक होती. २०१८ मध्ये केंद्र शासनाने ‘स्टडी इन इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे म्हटले. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूत्रांतही तशी शिफारस आहे. या कार्यालयांसाठी सेवक तयार करण्याची सोय मात्र त्या मानाने तुटपुंजी आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून निघालेली ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे’ व त्यांची २०२३ पासूनची ‘मालवीय मिशन’ केंद्रे यांचे उद्‌बोधन व उजळणी वर्ग मुख्यतः अध्यापकांसाठी असतात. काही अधिकाऱ्यांना फुलब्राइट-नेहरू परिसंवाद अथवा इरॅस्मस प्लस योजना यांद्वारे परदेशी जाण्याची संधी मिळते. परंतु खिडकीवर बसून परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज घेणारा लिपिक या सर्वांच्या बाहेरच राहतो. २०२५ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्याने विद्यार्थ्यांची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास देण्याचे बंधन भारतीय शिक्षणसंस्थांवरही आहे. लंडनमध्ये १९०९ साली हिंदी विद्यार्थ्यांनी अनुभवलेले मित्र-पहारेकऱ्याचे द्वैत आता भारतीय कार्यालयांपुढे, पण खिडकीच्या आतल्या बाजूने, उभे आहे.

उणिवा व मूल्यमापन : या क्षेत्रातील प्रशिक्षणावर घेतले जाणारे आक्षेप पुढीलप्रमाणे आहेत : अभ्यासभेटी पुष्कळदा सहलीच्या पातळीवर राहतात आणि त्यांना वरिष्ठच जातात, परिषदांचे शुल्क व प्रवासखर्च गरीब देशांतील संस्थांना परवडत नाही, प्रशिक्षणाचे साहित्य बहुतांशी इंग्रजीत व विद्यार्थी घेणाऱ्या श्रीमंत देशांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेले असते, त्यामुळे विद्यार्थी पाठविणाऱ्या देशांतील समुपदेशकांचा त्यात क्वचितच विचार होतो. मोबदला घेऊन विद्यार्थिभरती करणाऱ्या दलालांवर अवलंबून राहण्याची प्रवृत्ती वाढल्यामुळे सल्ला व विक्री यांतील सीमारेषा पुसट झाली आहे. शिवाय बऱ्याच संस्थांत या सेवकांना बढतीची निश्चित वाट नसते. प्रशिक्षित सेवक दुसऱ्या विभागात बदलून जातो आणि त्याच्याबरोबर कार्यालयाचे संचित ज्ञानही निघून जाते. म्हणून एका व्यक्तीस पाठवून न थांबता परत आल्यावर तिने सहकाऱ्यांना शिकवावे, कार्यपद्धती लिहून ठेवावी आणि नवीन सेवकास पहिल्याच आठवड्यात ती समजावून द्यावी, हा उपाय अल्प खर्चाचा व परिणामकारक मानला जातो.

प्रशिक्षणाचे यश वाटलेल्या प्रमाणपत्रांच्या संख्येवरून ठरविता येत नाही. अर्जाचा निर्णय किती दिवसांत कळतो, नियमभंगाची पाळी येण्यापूर्वी किती विद्यार्थी सल्ल्यासाठी येतात, झालेली चूक कार्यालय स्वतः कबूल करून दुरुस्त करते की विद्यार्थ्यावर ढकलते, यांवरून ते ठरते. विद्यार्थ्याने आपल्याला सांगितलेली कोणती गोष्ट शासनास कळविणे बंधनकारक आहे व कोणती नाही, हे जो सेवक विद्यार्थ्यास पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगू शकतो, त्याच्याकडेच विद्यार्थी अडचणीच्या वेळी परत येतो.